चौदाव्या पोर्टची पाळी

“त्या रविवारी आमच्या बाबांनी कमाल केली. माझ्या खोलीची, कार्यालयाची, कॅमेऱ्यांची, संगणक वर्गाची, वायर न् वायर त्यांनी उपटून काढली, आणि तेव्हा कुठे आमच्या एका लेकीचा आवाज तिच्या आईच्या कानी पोहोचला.”

आमच्या वसतिगृहाच्या वार्षिक अंकात, तिसऱ्या पानावर हे वाक्य छापलेले आहे. लिहिणारे आमचे गृहपाल सर. माणूस सज्जन, हेतू शुद्ध, आणि मजकूर सर्वस्वी खोटा. निंदा केली असती तर मी हसून सोडून दिले असते, पण त्यांनी स्तुती केली आहे. खोट्या निंदेला काळ उत्तर देतो. खोटी स्तुती मात्र ज्याची केली त्यालाच खोडून काढावी लागते. वायरी उपटायला अक्कल लागत नाही. माकडही त्या उपटते. त्या वाक्यातले बाबा म्हणजे मी, आणि पस्तीस वर्षे टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाच्या नावावर हा पराक्रम चढवणे मला मान्य नाही. शिवाय या गोष्टीत ज्यांचे खरे उपकार आहेत, ती माणसे सरांच्या वाक्यात कोठेच नाहीत.

दुसरीही एक आवृत्ती फिरते आहे. इंटरनेटची तार पुरवणारा इसम चौकात सांगतो की त्याने ‘वरून स्पीड वाढवून दिला’. त्याने काहीही वाढवले नाही. आणि वाढवला असता तरी उपयोग झाला नसता, हे पुढे कळेलच. तिसरी आवृत्ती मुलीच्या आईची आहे. ती म्हणते, देवीला बोललेला नवस फळला. त्या आवृत्तीशी माझे भांडण नाही. आईशी वाद घालण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

आता घडले ते असे.

मानोऱ्याच्या बाजूला आमचे गाव आहे आणि गावाला लागून हे हंगामी वसतिगृह. दसरा झाला की आसपासच्या तांड्यांवरची माणसे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात त्यांची मुले येथे राहतात, शिकतात. निवृत्त होऊन मी गावी आलो तेव्हा सरांनी विचारले, “बाबा, आमच्या वायरींकडे बघाल का?” मी त्यांच्या भांडारघरात गेलो. धान्याच्या कोठ्यांशेजारी भिंतीवर लोखंडी पेटी होती आणि पेटीत चोवीस पोर्टांचा, म्हणजे वायरी खोचायच्या चोवीस खाचांचा, स्विच. वसतिगृहातले प्रत्येक यंत्र एकेका वायरीने या स्विचला येऊन मिळते, आणि स्विचमधून एकच तार बाहेरच्या जगाकडे जाते. चोवीस बिऱ्हाडे आणि दार एक, असा तो संसार. मला तो आवडला. तेव्हापासून त्याची देखभाल मी करतो.

रविवारी सकाळी अकराला आईबापांशी बोलण्याचा तास असतो. उसाच्या फडावर त्या दिवशी बाजाराची सुट्टी असते. मुकादमाच्या फोनवरून आया रांगेने बोलतात आणि इकडे मुले जिन्याखालच्या टेबलावरच्या, इंटरनेटवरून बोलायच्या उपकरणासमोर रांगेने बसतात.

नववीतली एक मुलगी त्यांत होती. वसतिगृहात आली तेव्हा ती फार अडखळत बोले. पहिल्या अक्षरालाच जीभ अडायची, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. आमच्या स्वयंपाकीणबाईंना वाचता येत नाही. त्यांनी त्या मुलीला कामाला लावले : संध्याकाळी मी भाकरी थापते, तू मला पेपर वाचून दाखव. चुलीसमोर घाई नव्हती आणि कोणी हसणारेही नव्हते. भाकरी थापण्याच्या ठेक्यावर ती वाचू लागली. अडीच महिन्यांत तिची जीभ इतकी मोकळी झाली की प्रार्थनेनंतरचे सुविचार तीच वाचू लागली. हा उपकार त्या बाईंचा. तो मी आधीच नोंदवतो, म्हणजे पुढे माझ्या खात्यावर कोणी चढवायला नको.

आणि नेमकी हीच गोष्ट तिच्या आईपर्यंत पोहोचत नव्हती. आई फडावर जे ऐकत होती ते असे : मु… मु… मी ब… बरी… मग शांतता, मग दोन शब्द एकदम, मग पुन्हा तुकडे. आईला वाटले, मुलीचे बोलणे पूर्वीपेक्षा बिघडले. मुलगी भेदरलेली आहे, कोणी तिला दटावत असेल, काही लपवले जात असेल. मायलेकी आपसांत गोरमाटीत, म्हणजे तांड्याच्या बंजारा बोलीत, बोलत. मला त्यातले अर्धेच उमजे. पण एका रविवारी आईने मुलीला बाजूला व्हायला सांगितले, सगळ्यांची रांग संपेपर्यंत ती थांबली आणि मग सरांशी वऱ्हाडीत बोलली. ते मी शब्दशः ऐकले.

“सायेब, लेक चांगली देली होती तुमच्यापाशी. आता तिचं तोंडच उघडून नाई राह्यलं. काय करून राह्यले तुमी तिले?”

“अहो ताई, ती छान बोलते. लाइनीचा दोष असेल.”

“लाइनीचा? मंग तुमचा आवाज कसा साफ येते? पुढच्या रविवारी बी पोरगी अशीच बोलली त मी येतो अन् घेऊन जातो तिले. कोयता धरीन, पण माह्या डोळ्यापुढं राहीन.”

सर खरेच गोंधळले. “बाबा, मला तर आईचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. लाइन कशी खराब असेल?”

मी मुलीकडे पाहिले. ती टेबलाच्या कडेला नख घासत होती. पुढच्या रविवारनंतर ती वर्गात असेल की उसात, हे आता त्या वायरीवर ठरणार होते.

वस्तुस्थिती अशी होती. येणारी वाट मोकळी होती, म्हणून आईचा आवाज स्वच्छ येई. कोंडी होती ती जाणाऱ्या वाटेवर. दर रविवारी सर आठवड्याचा अहवाल वरच्या कार्यालयाला संगणकावरून धाडत, जेवणाची छायाचित्रे आणि चित्रणे यांसह. त्यात रविवारच्या नाश्त्याचेही चित्रण लागे, म्हणून दहाच्या आधी तो सुटत नसे, आणि बारानंतर तिकडे घेतला जात नसे. कॅमेऱ्यांचे चित्रणही अष्टौप्रहर बाहेर जाई. सरांचा आवाज आईला साफ गेला, कारण ते मुलीनंतर, अगदी शेवटी बोलले. तोवर अहवाल निघून गेलेला असे.

अशा कोंडीवर स्विचमध्ये इलाज असतो. त्याला क्वालिटी ऑफ सर्व्हिस म्हणतात : कोणत्या पोर्टवरून आलेल्या मालाला आधी वाट द्यायची, कोणाला थांबवायचे, कोणाला किती वेग, हे ठरवून देण्याची सोय. मला ते येत होते. आणि मी ते आधीच केलेही होते.

येथे मला माझ्याविरुद्ध साक्ष द्यायची आहे. ती दुसऱ्या कोणी देण्यापेक्षा मी दिलेली बरी.

वसतिगृहात आलो त्याच महिन्यात मी पोर्टांचा अग्रक्रम लावला होता. पहिला पोर्ट गृहपालांचा : सर्वांत आधी वाट त्यांना. दुसरा कार्यालयाचा. मग शिक्षक, मग संगणक वर्ग, मग कॅमेरे. जिन्याखालच्या टेबलाची वायर सर्वांत शेवटी, चोविसाव्या पोर्टला. मुलांच्या गप्पांसाठी घाई कसली, असा विचार होता. खरे तर विचार नव्हताच. पस्तीस वर्षे मी जो शिरस्ता पाहिला तोच माझ्या बोटांत होता. ट्रंक कॉलच्या जमान्यात साधा कॉल तास न् तास तिष्ठत बसे, आणि वजनदार माणसाचा ‘लाइटनिंग’ कॉल सर्वांच्या डोक्यावरून पुढे जाई. हुद्द्याप्रमाणे पाळी. ती मी न सांगता स्विचमध्ये उतरवून ठेवली, आणि वर ‘व्यवस्था चोख आहे’ असे सरांना ऐटीत सांगितले. म्हणजे कोंडी तारेची होती हे खरे, पण त्या कोंडीत मुलीचा आवाज सर्वांच्या मागे उभा केला होता तो मी.

मात्र हे मला त्या रविवारी कळले नाही. माझी मांडणी चुकीची असेल असे मनातही आले नाही. मी दोष तारेला दिला आणि तार पुरवणाऱ्याशी दोन दिवस भांडलो.

बुधवारी दुपारी ठरवले की आईच्या जागी उभे राहून ऐकावे. सरांना म्हटले, “काही जड फायली वर पाठवायला लावा.” मुलीला टेबलाशी बसवले आणि सांगितले, “बेटा, मला फोन लाव आणि पेपर वाचत राहा.” मी माझा मोबाइल घेऊन बाहेर पडलो. ज्वारीचा डबा हातात होताच, म्हणून गिरणीकडे गेलो.

ही गिरणी जुनी आहे. आज ती जिच्या हाती आहे ती मूळ मालकाची सून. मी लहान असताना तिचा सासरा पट्ट्यापाशी बसे. माझी आई सकाळी डबा ठेवी आणि तिचे दळण संध्याकाळी होई. मधून कितीही डबे येवोत, आमचा शेवटी. त्याचे कारण दळणात नव्हते, आडनावात होते. धम्म स्वीकारून आमच्या घराला बरीच वर्षे लोटली होती, पण गिरणीच्या रांगेपर्यंत ती बातमी पोहोचली नव्हती.

गिरणी सुरू होती. मी ओट्याच्या टोकाला, आवाजापासून दूर उभा राहून फोन कानाला लावला. मुलगी वाचत होती. मला ऐकू आले : सो… सो… नचे भा… भा… शांतता… आवक वा… वा… मी घाबरलोच. समोर बसून ऐकली असती तर खणखणीत वाचणारी मुलगी, आणि माझ्या कानात अगदी तिची जुनी अडखळ! तारेने मुलीचा रोग उचलून पुन्हा तिच्याच तोंडात ठेवला होता. त्या आईची काहीही चूक नव्हती. मी असतो तर मीही लेक घेऊन गेलो असतो.

“काहून बाबा, तोंड काहून उतरलं तुमचं?” गिरणीवाल्या बाईने विचारले.

मी सांगितले. एवढ्याशा दारातून सगळ्यांना जायचे आहे, आणि लेकराचा आवाज चेंगरतो आहे.

“मंग पहिले कोन जाते?”

“साहेब.”

“काहून?”

“काहून म्हणजे? साहेब आहेत ते.”

ती हसली. पिठाने पांढऱ्या झालेल्या हाताने तिने ओट्याकडे बोट केले. रांगेत सर्वांत पुढे सरपंचांची दोन पोती होती. सरपंच स्वतः खुर्चीवर बसून चहा पीत होते. आणि गिरणीत दळले जात होते ते एका झाकणफुटक्या डब्यातले जेमतेम दोन किलो धान्य.

“तो डबा बायंतिनीच्या घरचा हाये,” ती म्हणाली. “उशिरा आला, पन पहिले जाईन. सरपंचाले मी खुर्ची देतो, चहा देतो. पन त्यायची जवारी काई भुकेनं रडत नाई. मान मानसाले बाबा, पाळी दळनाले.”

“अवो माय, हे मलेच आयकवून राह्यली का?” सरपंच बशीतून म्हणाले.

“तुमाले काहून? तुमची पोती काय वापस धाडली म्या? डबाभर दळाले कितीक टाइम लागते? तुमचं आजच दळून भेटीन.”

मग माझ्याकडे वळून तिने आणखी एक गोष्ट सांगितली. “अन् एक ध्यानात ठेवा. पाळी ओट्यावरच लावा लागते. एकडाव चाडीत ओतलं का मंग कोनाचं पहिले अन् कोनाचं मांगून, ते देव बी नाई सांगू शकत.”

चाडी म्हणजे गिरणीचे वरचे तोंड, ज्यात धान्य ओततात. मी हातातला मोबाइल तसाच धरून उभा होतो. त्यातून मुलगी अजून तुकड्यांत वाचत होती. ज्या ओट्यावर माझ्या आईचा डबा आडनावापायी मागे उभा राहिला, त्याच ओट्यावर उभा राहून मला समजले की मीही एका आईच्या लेकीला हुद्द्याच्या मागे उभे केले आहे. मी कोणाला शरण जाणारा माणूस नाही. त्या दिवशी त्या बाईला मनोमन हात जोडले. ज्वारीचा डबा तिथेच विसरलो; तिने तो दळून संध्याकाळी घरी पाठवला.

परत आल्यावर स्विचची जुनी मांडणी मी पुसून टाकली. आता पोर्टावर कोण बसले आहे हे पाहायचे नव्हते, त्यातून काय जाते आहे ते पाहायचे होते. फाइल उशिरा पोहोचली तरी पूर्ण पोहोचते. आवाजाचा तुकडा उशिरा पोहोचला तर तो पोहोचलाच नाही असे समजावे. म्हणून पहिली पाळी टेबलावरच्या आवाजाला. कॅमेऱ्यांच्या पोर्टांना वेगाची मर्यादा. सरांचा अहवाल मधल्या रांगेत : आवाज गेल्यावर उरेल ती सगळी वाट त्याची. काही यंत्रे आपल्या मालावर स्वतःच ‘तातडीचे’ असा शिक्का मारून धाडतात. ते शिक्के मानायचे नाहीत, असेही स्विचला सांगितले. गिरणीत कोणीही ‘आमच्याकडे बाळंतीण आहे’ म्हणेल. बाई घर ओळखते.

आणि चाडीची गोष्ट. बाहेर जाणाऱ्या पोर्टाचा वेग मी तारेच्या कुवतीहून जरासा कमी बांधला. त्यामुळे गर्दी तार पुरवणाऱ्याच्या पेटीत, म्हणजे चाडीत, जिथे माझा हुकूम चालत नाही, तिथे होणे थांबले; ती माझ्या स्विचच्या ओट्यावर होऊ लागली, जिथे पाळी मी लावतो. हे मला पुस्तकातून माहीत होते. समजले गिरणीत. तार पुरवणाऱ्याने वेग दुप्पट केला असता तर मोठ्या फायलींनी ती दुप्पट वाटही व्यापली असती. रुंद चाडीतही पाळी लागत नाही.

सर शेजारी उभे राहून पडद्याकडे पाहत होते. “बाबा, माझा नंबर मागे गेला की!”

“तुमची खुर्ची तिथेच आहे, सर.”

“खुर्ची राहू द्या हो. अहवाल बाराच्या आत गेला नाही तर वरून शेरा येतो. दोन शेरे आधीच आहेत.”

“तुमचा अहवाल जाईल आणि मुलीचा आवाजही जाईल. दोन्ही एकाच वेळी. शब्द देतो.”

हा शब्द मी दिला होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. ज्याने असा शब्द दिला तो वायरी उपटेल का?

सरांनी काही ना काही पाहिले, हे मात्र मी नाकारत नाही. रविवारी दहाला ते भांडारघरात डोकावले तेव्हा माझ्या हातात उपटलेली एक वायर होती. ती त्याच मुलीच्या टेबलाची होती. चोविसाव्या पोर्टाची खाच सैल झाली होती, म्हणून ती मी तिथून काढून चौदाव्या, घट्ट पोर्टात बसवत होतो. सरांनी एका वायरीचे शेत केले, आणि अंक छापून येईपर्यंत त्या शेतात भरघोस पीक आले.

अकरा वाजता घंटा झाली. त्या दिवशी त्या मुलीला पहिली पाळी दिली होती. सरांच्या खोलीत अहवाल चालला होता. त्यांनी दार उघडे ठेवले होते, म्हणजे एक डोळा पडद्यावर आणि एक कान टेबलाकडे. मुलगी बोलू लागली. तिने काय खाल्ले, पेपर कोणाला वाचून दाखवते, ते सांगितले.  

मग आईने तिला काहीतरी म्हणायला सांगितले. मुलगी थांबली. तिने खाली पाहिले, श्वास घेतला आणि आपल्या तांड्याचे नाव उच्चारले, एका दमात. ते नाव तिला आयुष्यात कधी धड घेता आले नव्हते, हे मला नंतर कळले. शाळेच्या दाखल्याच्या वेळी आईनेच तिच्यासाठी ते सांगितले होते. आईने पुन्हा म्हणायला लावले. मुलीने पुन्हा म्हटले, आणि तिसऱ्यांदा न सांगताच, हसत म्हटले.

मग आईचा वऱ्हाडीतला प्रश्न आला. “तिथं कोनी मोठं मानूस हाये का?”

“आहे बाई, मी आहे,” मी म्हणालो.

“बाबा, खरं सांगा. हे माहीच पोरगी व्हय ना? का दुसरी बसोली?”

“ती… तीच…” मी म्हणालो. अडखळण्याची पाळी माझी होती. मुलीनेच उत्तर दिले, गोरमाटीत. लहानपणीच्या एखाद्या खोडीची आठवण असावी, कारण आई आधी हसली आणि मग रडू लागली. रडणेही स्वच्छ ऐकू आले, एकही तुकडा न गळता. शेवटी ती म्हणाली, “राहू द्या तिले तिथंच. मी कायले येऊ? शिकू द्या.”

आज ती मुलगी दहावीत आहे. स्वयंपाकीणबाईंना ती आता पेपरच्या जोडीने पत्रेही वाचून दाखवते. मी अजून भांडारघरात जातो, पेटीवरची धूळ पुसतो. चौदाव्या पोर्टाचा हिरवा दिवा लुकलुकताना दिसला की मला तीन बायका आठवतात : चुलीपाशी बसून एका मुलीची जीभ मोकळी करणारी, ओट्यावर उभी राहून एका म्हाताऱ्याला शिकवणारी, आणि फडावरून खोटे ऐकूनही लेकीची बाजू न सोडणारी. त्यांच्यापुढे माझे काम म्हणजे पाटीवरची चार अक्षरे. ती अक्षरे मात्र मी बरोबर लिहिली होती, आणि ती पुसून त्या जागी माकडाचे काम मांडलेले मी सहन करणार नाही. सरांचेही ऋण आहे. ज्याने आपला नंबर मागे जाऊ दिला तो माणूस मोठाच. पण मोठा माणूसही चुकीचे लिहितो.

वाद मिटवायला मला साक्षीदार नकोत. मायलेकींचे बोलणे अकराला सुरू होऊन अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी संपले, हे त्या उपकरणात नोंदलेले आहे. आणि वायरी उपटल्या म्हणणाऱ्या आमच्या गृहपाल सरांचा त्या रविवारचा अहवाल वरच्या कार्यालयात संपूर्ण पोहोचल्याची पोच सरांच्या स्वतःच्या सहीने फायलीत लावलेली आहे. तिच्यावर वेळ आहे अकरा वाजून बारा मिनिटे.